सोडा म्हणेपर्यंत

मुलांनो,

परवा फोनवर थोरला म्हणाला, "आजी, माझ्या गाडीचा ब्रेक हल्ली स्पंजासारखा लागतो. गॅरेजमध्ये टाकली आहे." मी विचारलं, "पहिल्यांदा दाबला की खाली जातो, आणि भराभर दोन-तीनदा दाबला की वर येतो का?" पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं फोन तुटला. मग तो म्हणाला, "आजी, तुला हे कसं माहीत?"

ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

हे मला शिकवणाऱ्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. नऊ वर्षं मी त्याला 'मिस्त्री' म्हटलं आणि त्याने मला 'बाई'. अमरावतीहून बडनेऱ्याकडे जाताना घरं संपून काळी शेतं सुरू होत, तिथे बाभळीखाली त्याची पत्र्याची शेड होती. पाटी नव्हती. आत एका भिंतीवर हत्यारं टांगलेली, आणि प्रत्येक हत्याराच्या मागे खडूने त्याचीच आकृती काढलेली, म्हणजे पाना जागेवर नसला तर भिंतच सांगे. दुसऱ्या भिंतीवर बुद्धाचं एक चित्र, काचेवर कणभर धूळ नाही. मला व्यवस्थितपणाचं वेड आहे हे तुम्ही जाणताच. माझ्या ओळखीत माझ्याहून व्यवस्थित असा तो एकच माणूस निघाला.

तेव्हा मी मुलींच्या शाळांची तपासनीस होते. तुमचे आजोबा अचानक गेले. त्यांच्या मागे एक काळी विलायती मोटार उरली आणि सहा वर्षांची तुमची आई. मोटार माझ्याबरोबर अमरावतीला आली. तुमची आई अकोल्याला सासूबाईंकडे राहिली, कारण मी आठवड्यातले चार दिवस फिरतीवर, आज भातकुली तर उद्या धामणगाव. दर शनिवारी मी अकोल्याला जाई आणि रविवारी परत येई. सरकारी क्वार्टरमध्ये दोन खाटा होत्या. दुसरीवर मी तपासायच्या वह्या ठेवत असे, रिकामी दिसू नये म्हणून.

मिस्त्रीचा पत्ता दिला आमच्या कचेरीतल्या चपराशाने. "बाई, थो माणूस भैताड हाय," तो म्हणाला. "गाडीखाली झोपून गाडीसंगच बोलते. पण ब्रेकचं काम कराव तं त्यानंच."

मी पहिल्यांदा गेले तेव्हा शेडमध्ये कोणाची तरी मोटार उभी होती, आणि तिच्याखालून आवाज येत होता.

"दाब."

मग जरा शांतता. मग पाना फिरल्याचा आवाज.

"धर."

पुन्हा शांतता.

"सोड."

मी खिडकीतून आत डोकावले. आत कोणीही नव्हतं. ब्रेकच्या पायडलवर एक बांबू तिरपा टेकवला होता आणि बांबूच्या वरच्या अंगाला वाळूची थैली बांधलेली होती. तिच्या वजनाने पायडल दबलेलं होतं. 'सोड' म्हणून झाल्यावर मिस्त्री स्वतःच खालून सरपटत बाहेर आला, दारातून हात घालून त्याने थैली उचलली, पायडल वर येऊ दिलं, थैली परत ठेवली आणि परत खाली गेला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"दाब."

असं मी त्या दिवशी वीस-बावीस वेळा पाहिलं असेल. बाहेर आला तेव्हा मी विचारलं, "आत कोणी नाही, मग सांगता कोणाला?"

त्याने हात पुसले. "सवय हाय," म्हणाला. "काय झालं तुमच्या गाडीले?"

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत तो पलटणीच्या मोटारींच्या वर्कशॉपात होता. तिथली खाकी अर्धी चड्डी तो अजून घालत असे, रोज धुतलेली. वय चाळिशीच्या पुढे, अंगाने काटक, बोलणं मोजकं. हॉर्न दुरुस्त करायला कोणी आलं तर आधी ब्रेक पाही. ब्रेक ठीक असल्याशिवाय हॉर्नला हात लावत नसे. एका कापसाच्या दलालाने हुज्जत घातली, "अबे, मी हॉर्नसाठी आलो," तर म्हणाला, "हॉर्न वाजोला तं लोक बाजूले होतात. झाड होते काय?" आणि गाडीची किल्ली त्याच्या हातात परत दिली.

त्याची दुसरी एक तऱ्हा म्हणजे तो कोणाच्याही मोटारीत बसत नसे. गाडी मालकाने आत लावून द्यायची, मालकानेच बाहेर काढायची. चालवून पाहायची असेल तर मालकाने चालवायची आणि हा रस्त्याच्या कडेला उभा राहून कान देऊन ऐकायचा. मला ते फार आवडे. माझ्या गाडीच्या सीटला तेलाचे डाग पडू नयेत म्हणून मी दुरुस्तीला देताना पुढच्या सीटवर धुतलेली चादर घालत असे, चारी कोपरे नीट खोचून. मला वाटे, हा माणूस दुसऱ्याच्या सीटची केवढी काळजी घेतो. चादर तशीच्या तशी, एक सुरकुती न पडता परत मिळे, आणि मी त्याचं मनात कौतुक करी.

आता त्या आठवड्याचं सांगते.

जूनचा महिना होता. शाळा उघडायला आठ दिवस राहिले होते. आदल्या रविवारी अकोल्याला मी हिय्या करून सासूबाईंना म्हटलं होतं, की या वर्षी मुलीला माझ्याकडे अमरावतीच्या शाळेत घालते. सासूबाई सुपारी कातरत होत्या. अडकित्ता थांबला नाही.

"फिरतीवर गेलीस तं पोरगी कोणापाशी ठेवशीन?"

"जवळच्या गावी बरोबर नेईन. मोटार आहे."

"मोटार," त्या म्हणाल्या. "बरं. मंग येत्या शनिवारी दुपारच्या जेवणाआंधी मोटार घेऊन ये, आन् तिच्यातच बसवून पोरीले ने. आगगाडीनं आलीस तं मी समजीन का मोटार तुले झेपत नाई. मंग नोकरी सोडून अथीच राहाय."

त्या वाईट नव्हत्या. एक मुलगा गेला होता, आणि त्याची मुलगी डोळ्यांसमोर असावी एवढंच त्यांना हवं होतं. मला ते तेव्हाही समजत होतं. पण मला माझी मुलगी हवी होती.

माझे धाकटे दीर तिथल्या एका जिनिंग फॅक्टरीत मॅनेजर होते. फार हौशी आणि परोपकारी माणूस. मी निघताना ते म्हणाले, "वहिनी, काळजी करू नका. गाडीचं तेलपाणी मी सगळं करून ठेवलं आहे."

सोमवारी भातकुलीहून परतताना एका नाल्याच्या उतारावर समोरून पऱ्हाट्यांनी, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांनी, भरलेल्या दोन बैलबंड्या येत होत्या. मी ब्रेकवर पाय दिला आणि पाय खालीच गेला. उशीवर पाय द्यावा तसं वाटलं. दुसऱ्यांदा दाबला, तिसऱ्यांदा दाबला, तेव्हा कुठे गाडी थांबली. पुढच्या बैलाचं शिंग माझ्या दिव्यापासून हातभर होतं. बंडीवाला वरून ओरडला, "ओ बाई! डोये हायत का बटन?" मागच्या रिकाम्या सीटकडे पाहत राहिले. येत्या रविवारी तिथे तुमची आई असणार होती.

मंगळवारी सकाळी मी शेडवर गेले. मिस्त्रीने सगळं ऐकून घेतलं आणि दारापाशी उकिडवा बसला.

"दाबा बाई. गेला का खाली?"

"गेला."

"भराभर दाबा. आला वर?"

"आला."

"आता दाबून धरा. सोडू नका. हळूहळू खाली जाते का?"

"थोडा जातो आहे."

"मंग दोन रोग हायत," तो म्हणाला. "एक हवा, आन् एक गळती. तेल दबत नाई, बाई. किती बी जोर लावा. दबते ते हवा. तुमचा पाय नरम लागून राहिला, म्हंजे आत काहीतरी घुसलं हाय, जे तथी नसाले पायजे."

"मग हवा काढून टाका."

"काढीन. पण आली कोठून?"

हा त्याचा खास प्रश्न. दुसरे मिस्त्री हवा काढून गाडी देत आणि महिन्याने ती परत येई. हा आधी वाट शोधत असे. चारी चाकांशी वाकून पाहिलं. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल होती. मग त्याने ब्रेकच्या तेलाच्या डबीचं झाकण काढलं, बोट बुडवलं, दोन बोटांत घासलं आणि नाकाशी नेलं. माझ्याकडे पाहून म्हणाला, "हे कोणं टाकलं?"

"काय?"

"हे ब्रेकचं तेल नाई. मशीनचं हाय. जिनातलं. जिनात कोणी हाय काय तुमचं?"

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. चाक उतरवून त्याने आतलं रबरी वायसर काढून माझ्या तळहातावर ठेवलं. भिजलेल्या चण्यासारखं फुगलं होतं आणि नखाने दाबताच फाटलं. मशीनच्या तेलाने हे रबर असं खाल्लं जातं. एक खाल्लं म्हणजे सगळीच खाल्ली. सगळी नवी घालायची, नळ्या स्पिरिटने धुवायच्या, नवं तेल भरायचं. रबरं नागपूरहून मागवावी लागणार होती.

"शनिवारी सकाळी सातला मला निघायचंच आहे," मी म्हटलं, आणि का ते सांगून टाकलं. तोपर्यंत मी कोणाला सांगितलं नव्हतं. अमरावतीत मला सांगायला कोणी नव्हतंच.

त्याने ते फाटकं वायसर माझ्या हातातून परत घेतलं. "किती वर्साची हाय पोरगी?" एवढंच विचारलं.

रबरं शुक्रवारी सकाळी आली. मी दुपारी रजा टाकून शेडवर गेले. सगळं बसवून झालं होतं, फक्त हवा काढायची राहिली होती. बांबू आणि वाळूची थैली दाराशी तयार होती. मी गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक नेलं होतं. पान उघडून मराठीत सांगत वाचू लागले: सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करावी, निपलला, म्हणजे चाकामागच्या हवा काढायच्या बारीक तोटीला, नळी लावून तिचं दुसरं टोक तेलाच्या बाटलीत बुडवावं, दुसऱ्या माणसाने पायडल दाबून धरावं...

"पुस्तक लिवणाऱ्यापाशी दुसरा माणूस होता," मिस्त्री म्हणाला.

मी पुस्तक मिटलं. "मी बसते."

तो थैलीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बसा. पण मी सोडा म्हटल्याबिगर पाय उचलाचा नाई. कायबी झालं तरी."

मी चपला काढून चादरीवर बसले. तो खाली गेला. बाटली होती औषधाची जुनी, डोसाच्या खुणांची कागदी पट्टी अजून तिला चिकटलेली.

"दाबा."

मी दाबलं. खालून काहीच आवाज नाही. तो वाट पाहत होता. मला कळेना कशाची. शेवटी मी म्हटलं, "दाबलं."

लगेच पाना फिरला. पाय तळाला गेला. पाना परत फिरला. "सोडा." "सोडलं." असं आमचं सुरू झालं. पाचव्या की सहाव्या वेळी पान्याचा आवाज थांबला, आणि झालं असं समजून मी पाय उचलला.

खालून गाडीच्या पत्र्यावर थाप बसली. तो बाहेर आला तो लालबुंद होऊन.

"कोणं सांगतलं सोडाले?"

"पाना थांबला म्हणून मला वाटलं..."

"पाना थांबला म्हंजे मी मेलो काय? सोडा म्हटलं काय म्या?"

"नाही."

"मंग कावून सोडलं? निपल उघडं होतं. जेवढी काढली तेवढी परत ओढली आत."

मी तेव्हा जिल्हाभर मुख्याध्यापिकांना उभं करून प्रश्न विचारत असे. माझ्याशी असं कोणी बोललं नव्हतं. मी मान खाली घालून "चुकलं" म्हटलं आणि आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. चारी चाकं झाली तेव्हा चार वाजून गेले होते.

"कसा लागते पाय?"

"चांगला."

"चांगला म्हंजे?"

"म्हणजे पहिल्यापेक्षा बराच बरा."

"बरा नाई चालत. पोरगी बसन ना याच्यात?" तो गुडघ्यांवर टेकला, दारातून हात आत घालून तळव्याने पायडल दाबू लागला. एकदा, दोनदा. मान हलवली. "हाताले नाई समजत. पाय पायजे."

"मग तुम्ही बसा ना. पाहा पायाने."

तो उठून उभा राहिला. चादरीकडे पाहिलं आणि नजर बाहेर रस्त्याकडे वळवली. "आपण नाई बसत कोणाच्या गाडीत."

"का?"

मग त्याने सांगितलं. रस्त्याकडे पाहतच, एखाद्या गाडीचा बिघाड सांगावा तसं.

पूर्वी हे काम ते दोघं करत. तो खाली आणि त्याची बायको वर. तिच्या पायाला फार समज होती. कोणत्या चाकात हवा उरली तेही ती बसल्या जागी सांगे. "एकदा तिच्या पायापाशी इच्चू निघाला, बाई. मले खाली काय मालूम? मी निपल बंद केलं, सोड म्हटलं, तिनं सोडलं म्हटलं, आन् मंग ओरडली." मग एक दिवस एक ठेकेदार त्याची गाडी न्यायला वेळेआधी आला. ही आत बसलेली. तो एक शब्द बोलला नाही. गाडी घेऊन समोरच्या विहिरीपर्यंत गेला, तिथे थांबला आणि गड्याकडून सीट धुऊन घेतली. पाच-सहा बादल्या. शेडमधून सगळं दिसत होतं.

"आम्ही छप्पन सालीच बुद्ध धर्म घेतला होता," मिस्त्री म्हणाला. "ती म्हणत जाय, आता कोणी काय म्हणन? तं तो माणूस काई बोललाच नाई ना. बोलला असता तं मी बी बोललो असतो."

दुसऱ्या दिवशी तिने त्याचा डबा बांधून दिला आणि म्हणाली, आजपासून मी येत नाही. दोन वर्षांनी ती तापात गेली. तेव्हापासून बांबू आणि थैली.

मी गाडीच्या दारापाशी उभी होते. माझी ती चादर पांढरीशुभ्र, चारी कोपरे खोचलेली. मुलांनो, ती मी तेलाच्या डागांसाठीच घालत असे. मी स्वतःला हे अनेक वेळा सांगितलं आहे. पण तेलकट हातांच्या सायकलवाल्याने किंवा कचेरीतल्या कारकुनाने कधी लिफ्ट मागितली, तर मी चादर घातल्याचं मला आठवत नाही. आणि त्या माणसाने माझ्या गाडीच्या सीटवर दर वेळी ती चादर पाहिली होती, आणि काही न बोलता माझा ब्रेक दुरुस्त केला होता.

मी खोचलेले कोपरे सोडवले, चादर ओढून काढली, मागच्या डाव्या चाकाशी नेली आणि मातीवर अंथरली.

"हे काय करून राहिल्या, बाई?"

"तुम्ही वर बसा. मी खाली जाते."

"साडी खराब होईन."

"म्हणून तर चादर अंथरली. पाना द्या."

"तुम्हाले नाई जमनार."

"तुम्हीच दोन तास शिकवलंत. मिस्त्री, परवा माझी मुलगी या गाडीतून येणार आहे. 'बरा' ब्रेक मी घेणार नाही."

तो जागचा हलला नाही. मी पदर खोचला आणि आडवी होऊन गाडीखाली सरकले. खालून मला फक्त त्याचे पाय दिसत होते. ते पाय तसेच उभे राहिले, मग हौदाकडे गेले. पाण्याचा आवाज आला. त्याने पाय धुतले, फडक्याने पुसले. मग दाराशी आले. मग दिसेनासे झाले, आणि माझ्या डोक्यावर गाडीच्या स्प्रिंगा करकरल्या.

मी नळी लावली. पाना बसवला. माझा आवाज मलाच परका वाटला.

"दाबा."

एक क्षण काही नाही. मग वरून, अगदी हळू, "दाबलं."

मी पाना फिरवला. बाटलीतल्या तेलात आधी काहीच नाही, आणि मग मोहरीएवढा एक बुडबुडा, त्यामागे चार-पाच.

"हाय," वरून आवाज आला. त्याला ते दिसत नव्हतं. "अजून हाय, बाई. मले लागून राहिलं. धरलं हाय मी, तुमी आरामात बंद करा."

सात वेळा केलं. शेवटच्या तीन वेळा बाटलीत नुसतं स्वच्छ तेल आलं. मी निपल घट्ट केलं आणि म्हटलं, "सोडा."

उत्तर आलं नाही.

मी पुन्हा म्हटलं, "मिस्त्री, सोडा."

बऱ्याच वेळाने आवाज आला, "सोडलं."

मी बाहेर आले तेव्हा तो उतरून हत्यारं भिंतीवर लावत होता, प्रत्येक आपापल्या आकृतीवर. पाठ माझ्याकडेच होती. "आता दगडासारखा झाला," तो म्हणाला. "जा घेऊन." मग त्याने तेलाच्या डबीच्या झाकणावर बारीक तार गुंडाळली आणि पिळून टाकली. "तुमच्या जिनवाल्याले सांगजा, हे उघडाचं नाई."

सीटवर त्याच्या चड्डीचा तेलकट डाग उमटला होता, तळहाताएवढा. त्याने तो पाहिला, मी पाहिला. फडकं हातातच होतं त्याच्या. मी दार उघडलं आणि त्या डागावर बसून गाडी बाहेर काढली.

शनिवारी साडेदहाला मी अकोल्यात होते. दिरांनी हौसेने बॉनेट उघडलं आणि तार पाहून हिरमुसले. "वहिनी, आमच्या जिनातलं एक नंबर तेल होतं हो ते!" सासूबाई कधी नव्हे त्या मोटारीपर्यंत आल्या. आत वाकून पाहिलं.

"सीटवर हे काय सांडलं?"

"मिस्त्री बसले होते. ब्रेक पाहायला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय विचारायचं होतं ते मला कळलं, आणि मी उत्तर देईन हे त्यांनाही कळलं असावं. त्या म्हणाल्या, "जेवून घे. पोरीचे कपडे बांधले हायत म्या." आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी निघताना त्या दारात आल्या नाहीत. माजघरातून अडकित्त्याचा आवाज येत होता.

परतताना मूर्तिजापूरच्या पुढे तुमची आई खिडकीला नाक लावून झोपून गेली. उतार आला की मी विनाकारण ब्रेकवर पाय देऊन पाहत होते. पाय टेकताच पायडल थांबत असे. त्या रात्री मी दुसऱ्या खाटेवरच्या वह्या उचलल्या.

तुम्हाला वाटेल, त्यानंतर मिस्त्री बदलला असेल. नाही. माझी गाडी गेली की तो पाय धुऊन वर बसे आणि मी खाली जाई, किंवा उलट. पण तेवढीच. बाकीच्यांच्या गाड्यांना बांबू आणि थैलीच. हाताखाली माणूस ठेवा म्हटलं तर म्हणे, "पाय उचलतात सारे." शेडवरून जाताना मी गाडी हळू करी, तेव्हा आतून ऐकू येई, "दाब," आणि मग ती उत्तराएवढी मोकळी जागा. दोन-चारदा मला वाटलं, थांबावं आणि बाहेरूनच म्हणावं, "दाबलं." म्हटलं नाही. ते उत्तर माझं नव्हतं.

ओळखीला नऊ वर्षं झाली आणि माझी बदली झाली. पुढे अमरावतीला परत आले तोवर रस्ता रुंद झाला होता. बाभूळ नव्हती, शेड नव्हती. शेजारच्या पानठेल्यावर विचारलं. तो म्हणाला, "कोणता मिस्त्री?" आणि माझ्यापाशी सांगायला नाव नव्हतं.

आता तुमची आई तुमच्याकडे, आणि माझ्या दुसऱ्या खाटेवर पुन्हा वर्तमानपत्रं असतात. रविवारी तुमचा फोन येतो. मी बोलते आणि समुद्रापलीकडे ते पोचून तुमचं परत येईपर्यंत मध्ये एक मोकळी जागा पडते. धाकटी दोनदा "हॅलो, हॅलो" करते आणि लाइन गेली समजून फोन ठेवून देते. मी इकडे बोलतच असते.

थोरल्याने गॅरेजवाल्याला विचारावं, हवा आली कुठून. आणि धाकटीला सांगा, आवाज थांबला म्हणजे आजी गेली असं नाही. मी म्हणेपर्यंत सोडायचं नाही.

तुमची,
आजी